गुप्त किल्ल्यांची यादी वाचताना

एखाद्या सर्व्हरचा चार्ज घेताना मी सगळ्यात आधी त्या मशीनवरच्या गुप्त किल्ल्यांची यादी काढते. पासवर्डांची फाइल, फायरवॉलचे नियम, बॅकअपचं वेळापत्रक हे सगळं नंतर. जीपीजी या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरला यादी मागितली की पडद्यावर पाच-सहा ओळी उमटतात आणि बहुतेकांची नजर त्यातल्या ओळखीच्या ईमेल पत्त्यावर जाऊन थांबते. पत्ता आपलाच आहे, म्हणजे किल्ली आहे, म्हणजे काम झालं. पुण्यात सिस्टीम अ‍ॅडमिन म्हणून इतकी वर्षं काढल्यावर मी खात्रीने सांगू शकते, की किल्ल्यांचे जे घोळ मी पाहिले त्यांतले बहुतेक या एका समजातून झाले.

जीपीजी म्हटलं की अनेकांना पत्रकार आणि गुप्त पत्रव्यवहार आठवतो. अमेरिकी सरकारची गुपितं उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनने 2012 च्या अखेरीस पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्डशी संपर्क साधला, पण ग्रीनवाल्डचं एन्क्रिप्शन बसवायचं राहून गेलं आणि मग माहितीपट करणाऱ्या लॉरा पॉयट्रसच्या मार्फत गाडी पुढे सरकली, ही गोष्ट जगजाहीर आहे. आपल्याकडच्या कंपन्यांत मात्र हे सॉफ्टवेअर चालतं ते पगारासाठी. महिनाअखेरीला अकाउंट्स विभाग पगाराची फाइल तयार करतो. मेकर-चेकरच्या दोन सह्या झाल्या की ती फाइल आमच्या सर्व्हरवर येते, बँकेच्या सार्वजनिक किल्लीने एन्क्रिप्ट होते, आमच्या गुप्त किल्लीने तिच्यावर सही होते आणि ती बँकेच्या सर्व्हरवर जाते. काही वेळाने बँकेकडून रिव्हर्स फाइल येते. कोणाचे पैसे जमा झाले, कोणाचे परत आले, कोणता यूटीआर क्रमांक पडला, हे सगळं त्यात असतं. ती आमच्या सार्वजनिक किल्लीने बंद केलेली असते आणि आमच्या गुप्त किल्लीशिवाय उघडत नाही. पुरवठादारांची देणीही याच वाटेने जातात. शेकडो घरांचा पगार एका तारखेला जमा होतो की नाही, हे त्या पाच-सहा ओळींवर अवलंबून असतं. म्हणून त्या ओळींची मला काळजी आहे.

आता त्या ओळी. सुरुवातीला एसईसी ही अक्षरं असतील तर ती मुख्य गुप्त किल्ली, एसएसबी असतील तर तिची उपकिल्ली. पुढे किल्लीचा प्रकार आणि लांबी येते, म्हणजे आरएसए 4096 किंवा अलीकडच्या किल्ल्यांवर ईडी25519. मग ती कधी तयार झाली ती तारीख, चौकटी कंसात तिच्या अधिकारांची अक्षरं आणि मुदत कधी संपते ते. एस म्हणजे सही करण्याचा अधिकार, ई म्हणजे एन्क्रिप्शनचा, ए म्हणजे लॉगिनसारख्या ठिकाणी ओळख पटवण्याचा. या सगळ्यांत वजनदार अक्षर सी. ते प्रमाणित करण्याचा अधिकार दाखवतं. हा अधिकार ज्या किल्लीकडे असतो तीच नव्या उपकिल्ल्या काढू शकते, जुन्या रद्द करू शकते, मुदत वाढवू शकते आणि दुसऱ्याच्या किल्लीची ग्वाही देऊ शकते. हा अधिकार कायम मुख्य किल्लीकडेच असतो. सातबारा वाचायची सवय असलेला माणूस नावाखाली न थांबता थेट इतर हक्कांच्या रकान्यात बोजा शोधतो, तसं या यादीत नाव सोडून कंसातल्या अक्षरांकडे आणि एसईसीला चिकटून आलेल्या खुणेकडे आधी पाहावं.

ती खूण सहज नजरेतून सुटते. एसईसी नंतर काहीच नसेल तर गुप्त किल्ली याच डिस्कवर आहे. > असेल तर ती स्मार्टकार्डावर किंवा यूएसबी टोकनवर आहे आणि इथे फक्त तिचा पत्ता आहे. # असेल तर मुख्य किल्लीचा गुप्त भाग या मशीनवर नाही.

एका कंपनीत मी चार्ज घेतला तेव्हा यादीत एसईसीपुढे ही # ची खूण होती आणि खाली सहीची एक आणि एन्क्रिप्शनची एक, अशा दोन उपकिल्ल्या होत्या. दोन्हींची मुदत काही आठवड्यांत संपणार होती. टीममधल्या एका तरुण सहकाऱ्याने ती खूण पाहिली आणि किल्ली खराब झाली आहे असं त्याचं मत झालं. त्याचा प्रस्ताव सरळ होता: ही पुसून टाकू, नवी काढू, बँकेला पाठवू. तसं झालं असतं तर कदाचित पगार चुकलाही नसता. पण त्या एन्क्रिप्शनच्या उपकिल्लीने बंद झालेल्या काही वर्षांच्या रिव्हर्स फायली आमच्या आर्काइव्हमध्ये होत्या. ऑडिटला त्या लागतात. किल्ली पुसली असती तर त्या पुन्हा कधीच उघडल्या नसत्या.

त्या मुलाला मी दोष देत नाही. अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी 1999 मध्ये जीपीजीच्या आधीच्या पीजीपी या सॉफ्टवेअरच्या एका आवृत्तीवर जो अभ्यास केला, त्यात बारा जणांना दीड तास देऊन सही केलेला आणि एन्क्रिप्ट केलेला ईमेल पाठवायला सांगितलं होतं. फक्त एक तृतीयांश लोकांना ते जमलं. ही सारी माणसं ईमेल वापरणारी, शिकलेली होती. तेव्हापासून पडदे बदलले, पण एका # मध्ये केवढा अर्थ भरलेला आहे हे सांगणारी एक ओळही यादीत आजही येत नाही. ते शिकवावं लागतं आणि आमच्या धंद्यात ते कोणी बसून शिकवत नाही.

खरं तर ती मांडणी मी पाहिलेल्यांपैकी सर्वांत विचारपूर्वक केलेली होती. आधीच्या अ‍ॅडमिनसरांनी मुख्य किल्ली मुद्दाम सर्व्हरवर ठेवली नव्हती. रोज इंटरनेटला जोडलेल्या मशीनवर फक्त रोजच्या कामाच्या उपकिल्ल्या. उद्या कोणी सर्व्हर फोडला तर उपकिल्ल्या रद्द करून नव्या देता येतात आणि कंपनीची ओळख तीच राहते. सर तोवर नाशिकला गेले होते. फोन केला तर त्यांनी लगेच सांगितलं, "पेनड्राइव्ह अकाउंट्सच्या तिजोरीत आहे, पाकिटावर माझी आणि मॅडमची सही आहे." पाकीट होतं. अकाउंट्सच्या मॅडम इतकी वर्षं ते जीएसटीच्या डिजिटल सहीचं जुनं टोकन समजून जपत होत्या. नेटवर्क बंद केलेल्या एका लॅपटॉपवर ती किल्ली उघडली आणि उपकिल्ल्यांची मुदत वाढवली. मग नवी तारीख असलेली सार्वजनिक किल्ली बँकेला आणि आमच्या सर्व्हरलाही दिली. पाकीट नव्या सह्यांनी पुन्हा तिजोरीत गेलं. सरांनी सगळं नीट केलं होतं, फक्त चार्जच्या कागदात पाकिटाची एक ओळ नव्हती.

मुदतीबद्दल इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावर पुढचा सगळा गोंधळ उभा असतो. मुदतीची तारीख गुप्त किल्लीत नसते. ती सार्वजनिक किल्लीवरच्या स्वतःच्या सहीत असते. म्हणूनच ती वाढवता येते, आणि म्हणूनच वाढवल्यानंतर ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्यांना ती किल्ली मुदत संपलेलीच दिसते. आणखी एक दिलासा: मुदत संपलेल्या किल्लीने नवी सही होत नाही, तिच्यासाठी कोणी नवी फाइल एन्क्रिप्ट करत नाही, पण जुन्या फायली तिने उघडतात. मुदत संपली म्हणून किल्ली पुसायची नसते.

यादी रिकामी येते तेव्हाची परीक्षा सर्वांत कठीण. जीपीजी त्या वेळी चूक दाखवत नाही, काहीच दाखवत नाही. कमांड दिली, पुढची ओळ आली, बस्स. बहुतेक वेळा कारण साधं असतं. किल्ल्या त्या-त्या वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत असतात. तुम्ही रूट या मुख्य खात्यातून पाहताय आणि पगाराची स्क्रिप्ट रात्री दुसऱ्याच खात्यातून चालते. योग्य खात्यातून पाहिलं की यादी दिसते. हे कळायच्या आत लोक रूटच्या खात्यात नवी किल्ली काढून बसलेले मी पाहिले आहेत. मग एकाच नावाच्या, एकाच ईमेलच्या दोन किल्ल्या, आणि बँकेकडे कोणती आहे ते कोणालाच माहीत नाही.

एकदा मात्र कारण साधं नव्हतं. आयएसओ 27001 च्या ऑडिटआधी आम्ही बॅकअप खरोखर परत बसवून पाहायचं ठरवलं. नवं मशीन घेतलं, बॅकअपमधून जीपीजीचा फोल्डर परत आणला, यादी मागितली. रिकामी. खातं बरोबर होतं, परवानग्या बरोबर होत्या, गुप्त किल्ल्यांच्या फोल्डरमध्ये फायलीही होत्या, प्रत्येकीचं नाव चाळीस आकडी-अक्षरी. तरी यादीत काही नाही. खोलीतल्या लोकांचे चेहरे पडले.

हे समजायला जीपीजी आतून कसं काम करतं ते पाहावं लागतं. 2014 च्या नोव्हेंबरात जीपीजीची 2.1 ही आवृत्ती आली आणि गुप्त किल्ल्यांचा कारभार पूर्णपणे एजंट नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे गेला. आधी सगळ्या गुप्त किल्ल्या एकाच फाइलमध्ये, सेकरिंगमध्ये, असायच्या. आता प्रत्येक किल्लीची वेगळी फाइल असते आणि तिच्यात फक्त किल्लीचं गणित असतं. नाव, ईमेल, मुदत, कोणती उपकिल्ली कोणत्या मुख्य किल्लीची, यातलं काही तिथे नसतं. ते सगळं सार्वजनिक किल्ल्यांच्या फाइलमध्ये असतं. यादी मागितली की जीपीजी सार्वजनिक किल्ल्या एकेक करून पाहतं आणि एजंटला विचारतं, हिची जोडीदार तुझ्याकडे आहे का? आमच्या बॅकअपच्या स्क्रिप्टने फक्त गुप्त किल्ल्यांचा फोल्डर घेतला होता. महत्त्वाचं तेवढंच, असा ती लिहिणाऱ्याचा हिशेब असावा. सार्वजनिक फाइल नव्हती, म्हणून विचारायला कोणीच नव्हतं. किल्ल्या घरात होत्या आणि यादी मोकळी होती.

उपाय समजल्यावर पाच मिनिटांचा होता. आमची सार्वजनिक किल्ली बँकेकडे होतीच. ती त्यांना आम्हीच मेलने पाठवली होती, त्या जुन्या मेलला जोडलेली फाइल शोधली, नव्या मशीनवर घेतली आणि यादी मागितली. ओळी आल्या. पण मुदतीच्या जागी संपल्याची खूण होती, कारण ती प्रत मुदत वाढवण्याच्या आधीची होती. चालू सर्व्हरवरून ताजी प्रत घेतल्यावर तीही अडचण गेली. नावापुढे आता अल्टिमेटऐवजी अननोन दिसत होतं. भरवशाची नोंद तिसऱ्याच फाइलमध्ये असते आणि ती वेगळी न्यावी लागते. चालू सर्व्हर हाताशी होता म्हणून हे सगळं एका दुपारी उरकलं. तो जळून गेल्यावर ही रिकामी यादी समोर आली असती तर ती दुपार कशी गेली असती, याचा विचार मी आजही करते आणि प्रत्येक नव्या ठिकाणी बॅकअपची स्क्रिप्ट आधी उघडून वाचते.

जुन्या सेकरिंग फाइलचीही एक गोष्ट आहे. सेंटओएस 7 या लिनक्स सिस्टीमवर जीपीजीची 2.0 ही आवृत्ती होती आणि 30 जून 2024 ला त्या सिस्टीमचा आधार संपणार म्हणून कितीतरी कंपन्यांनी तेव्हा घाईने नव्या सिस्टीमवर उडी घेतली. नवं जीपीजी पहिल्यांदा चालतं तेव्हा जुन्या फाइलमधल्या किल्ल्या उचलून नव्या फोल्डरमध्ये ठेवतं. जुनी फाइल मात्र तिथेच राहते आणि त्यानंतर तिला कोणी हात लावत नाही. यातून दोन धोके उभे राहतात. बॅकअप अजून तीच फाइल उचलत असेल तर नंतर काढलेली एकही किल्ली बॅकअपमध्ये नाही. आणि तुम्ही नव्या बाजूने एखादी किल्ली पुसली, यादीतून ती गेली, तरी जुन्या फाइलमध्ये ती पडून असते. यादी स्वच्छ दिसते, डिस्क तशी नसते. स्थलांतरानंतर सगळ्या फायली उघडतात याची खात्री करून ती जुनी फाइल सुरक्षित ठिकाणी हलवणं, मग सर्व्हरवरून काढणं, या कामाची आठवण यादी कधीच करून देणार नाही.

आणि आता ती गोष्ट, जी यादी मुळातच सांगू शकत नाही. यादी दाखवायला जीपीजी पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा पासवर्ड, विचारत नाही. गुप्त किल्ली पासफ्रेजने बंद आहे की उघडीच आहे, आणि बंद असेल तर ती पासफ्रेज जगात कोणाला आठवते का, यातलं काहीही त्या ओळींत नसतं. एका ग्राहकाकडे सर्व्हर खूप काळ बंदच झाला नव्हता. एजंटला पासफ्रेज कोणीतरी एकदा देऊन ठेवली होती आणि तो ती मेमरीत धरून होता. रोज सह्या व्हायच्या, फायली उघडायच्या. मग सुरक्षेच्या पॅचसाठी सर्व्हर रीबूट झाला. यादी आधी होती तशीच आली, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पण पहिल्याच सहीला पासफ्रेज मागितली गेली आणि ती कोणाकडेच नव्हती. जुने मेल, वह्या, सोडून गेलेल्या माणसांचे फोन, सगळं झालं. पासफ्रेज मिळाली नाही. नवी किल्ली काढली, बँकेकडे अर्ज, अधिकृत सह्या, किल्लीच्या ठशाची (तिची ओळख असलेल्या चाळीस अक्षरांची) पडताळणी सगळं नव्याने केलं आणि तोवर देणी बँकेच्या पोर्टलवरून हाताने भरली. त्या किल्लीने बंद असलेलं आर्काइव्ह आजही तसंच पडलं आहे. त्याच्यावर आता कोणाचा इलाज नाही.

तेव्हापासून मी यादीवर थांबत नाही. एजंट बंद करून पुन्हा सुरू करते, म्हणजे त्याच्या लक्षातली पासफ्रेज जाते, आणि मग एका छोट्या फाइलवर सही करून पाहते, एक छोटी फाइल बंद करून उघडून पाहते. सही झाली आणि फाइल उघडली, तरच किल्ली आपल्या ताब्यात आहे असं मी लिहून देते.

ठशाबाबतही मी हट्टी आहे. बँकेच्या माणसाला फोनवर किल्लीचा ठसा पडताळायला सांगितला की तो बऱ्याचदा शेवटची आठ अक्षरं वाचतो आणि म्हणतो, "मॅडम, मॅच झालं." मी चाळीसच्या चाळीस वाचून घेते. जुन्या जीपीजीच्या यादीत आठ अक्षरांचाच आयडी दिसायचा. 2014 मध्ये रिचर्ड क्लॅफ्टर आणि एरिक स्वॅन्सन या संशोधकांनी दाखवून दिलं की साध्या ग्राफिक्स कार्डवर त्याच आठ अक्षरांची खोटी किल्ली काही सेकंदांत बनते. 2016 मध्ये तर खुद्द लिनक्स घडवणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सच्या नावाची आणि त्याच्या किल्लीच्याच आठ अक्षरांची खोटी किल्ली सार्वजनिक सर्व्हरवर सापडली. फोनवर दोन मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

हे सगळं ज्याच्या खांद्यावर उभं आहे त्या माणसाचं नाव या कामातल्या प्रत्येकाला माहीत असावं असं मला वाटतं. जर्मनीतल्या वेर्नर कॉख यांनी 1997 मध्ये जीपीजी लिहायला घेतलं आणि 1999 मध्ये पहिली पक्की आवृत्ती दिली. 2015 च्या फेब्रुवारीत प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने बातमी छापली तेव्हा जगाला कळलं की हा माणूस जवळजवळ एकट्याने हे सॉफ्टवेअर सांभाळतोय आणि त्याच्याकडचे पैसे संपत आलेत. त्यानंतर मदतीचा ओघ लागला. फेसबुक आणि स्ट्राइप या कंपन्यांनी वर्षाला प्रत्येकी पन्नास हजार डॉलर देऊ केले. आपल्याकडे महिन्याला कोट्यवधी रुपयांच्या फायली या सॉफ्टवेअरमधून फुकट जातात. ज्या कंपन्यांना परवडतं त्यांनी त्या प्रकल्पाला काहीतरी द्यावं, एवढं मी प्रत्येक बजेटच्या बैठकीत सांगते.

तुमच्या ऑफिसात अशी एखादी किल्ली असेल तर एक काम या महिन्याच्या पगाराआधी करा. ज्या खात्यातून स्क्रिप्ट चालते त्याच खात्यातून यादी काढा आणि कागदावर लिहा: पूर्ण ठसा, मुख्य किल्ली या मशीनवर आहे की बाहेर, बाहेर असेल तर कोणत्या कपाटात, मुदतीची तारीख, आणि पासफ्रेज ज्यांना माहीत आहे अशा दोन माणसांची नावं. पासफ्रेज मात्र त्या कागदावर लिहू नका, ती वेगळ्या पाकिटात ठेवा. चार्ज देताना तो कागद पुढच्या माणसाच्या हातात द्या आणि त्याच्यासमोर एक सही करून दाखवा.